नॉरईस्टर येतोय: इंच राहू द्या, वारा, भरती आणि वीज बघा

आमच्या न्यू जर्सीतल्या फ्रिजवर कालनिर्णय लटकलेलं असतं. संकष्टी-एकादशी बघायला ते लागतंच, पण नोव्हेंबर ते मार्च मी त्यात अमावास्या आणि पौर्णिमा जास्त शोधते. मी मूळची श्रीवर्धनची, त्यामुळे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द पाटी-पेन्सिलीच्या आधी कानावर पडलेले. आता घर रॅरिटन उपसागरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे, आणि हिवाळ्यात अटलांटिकवरून नॉरईस्टर नावाचं मोठं वादळ यायचं म्हटलं की तेच जुने शब्द कामाला येतात.

वादळाची बातमी लागली की आमच्या मराठी ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंच?" माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. दहा इंच कोरडा, भुसभुशीत बर्फ रविवारी पडला तर पोरं घसरगुंडी खेळतात. चार इंच ओला बर्फ पानांनी भरलेल्या झाडांवर पडला तर चार दिवस अंधार. म्हणून आधी तीन गोष्टी: वारा कुठून आणि किती जोराचा, त्या वेळी भरती आहे का, आणि वीज गेली तर आपलं घर किती तास तग धरेल.

हा प्राणी काय आहे

नॉरईस्टर हे नाव वाऱ्यावरून पडलंय. किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो म्हणून नॉरईस्टर. वादळ स्वतः मात्र उलट नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत जातं. बहुतेक नॉरईस्टर जॉर्जिया ते न्यू जर्सी या पट्ट्यात, किनाऱ्याच्या आतबाहेर शंभरेक मैलांत जन्मतात. जमिनीवर कॅनडातून उतरलेली गोठलेली हवा आणि शेजारी गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं कोमट पाणी, हा तापमानातला फरक हेच त्यांचं इंधन. नॉर्थ कॅरोलिनात केप हॅटरसपाशी गल्फ स्ट्रीम किनाऱ्याच्या फार जवळून जातो, म्हणून तिथे आलेली साधी दिसणारी प्रणाली एका रात्रीत राक्षस होऊ शकते. केंद्राचा दाब 24 तासांत साधारण 24 मिलिबारने कोसळला की त्याला ‘बॉम्ब सायक्लोन’ म्हणतात. टीव्हीवाल्यांचा लाडका शब्द, पण व्याख्या खरी आहे. वादळांना दिलेली नावं मात्र एका वाहिनीची. सरकारी हवामान खातं, म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिस, ती वापरत नाही.

पाच-सहा दिवस आधी: नुसतं बघा

या टप्प्यावर काही विकत आणायचं नाही आणि कुणाला काही फॉरवर्ड करायचं नाही. रंगीत नकाशावर आपल्या गावावर 26 इंच दिसले तरी नाही. तो हवामानाच्या संगणकी मॉडेलचा एकच रन, म्हणजे एकदा चालवलेलं गणित, असतो आणि सहा तासांनी पुढचा येतो. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं. त्यातला एक रन आपल्या घड्याळात रात्री साडेदहानंतर उतरायला लागतो, एक सकाळी साडेदहानंतर. युरोपियन मॉडेलचा दुपारचा रन एकच्या सुमारास. मी रात्रीचा बघत नाही. झोप जाते आणि हाती काही लागत नाही.

बघायचं असेल तर एका रनऐवजी समूह बघा. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात; युरोपियनचे असे 51 रन असतात. त्यांतले वादळाचे मार्ग एकाच दोरीसारखे दिसले तर विश्वास ठेवा, हातातून सांडलेल्या शेवयांसारखे पसरले असतील तर दोन दिवस गप्प बसा.

दोन खुणा मात्र आत्ताच बघण्यासारख्या. पहिली, उत्तरेला क्यूबेकवर उच्च दाबाचा ‘H’ बसलाय का? तो थंड हवेचा पुरवठादार. तो नसेल किंवा समुद्राकडे सटकत असेल तर बर्फाऐवजी पाऊस व्हायला वेळ लागत नाही. दुसरी खूण म्हणजे इथले जाणकार ज्याला ‘बेंचमार्क’ म्हणतात तो बिंदू: 40 अंश उत्तर, 70 अंश पश्चिम, नँटकेटच्या दक्षिणेला भर समुद्रात. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर न्यूयॉर्क ते बोस्टन बर्फ. ते किनाऱ्याकडे आत सरकलं तर समुद्रावरची उबदार हवा शिरते आणि किनाऱ्यावर पाऊस, आत डोंगराकडे बर्फ. बाहेरून गेलं तर नुसताच वारा. डिसेंबरच्या सुरुवातीला समुद्र अजून उबदार असतो, त्यामुळे पूर्वेचा वारा किनारी गावांत बर्फाचं पाणी करतो. तेच वादळ फेब्रुवारीत पांढरं असतं.

मार्ग पन्नास मैलांनी सरकला की काय होतं ते 26-27 जानेवारी 2015 ला बघितलं. न्यूयॉर्क शहराला दोन फुटांच्या आसपासचा इशारा होता, सबवेसुद्धा बंद केली. सेंट्रल पार्कात पडला 9.8 इंच. लोकांनी हवामान खात्याची टिंगल केली, पण त्याच वादळाने लाँग आयलंडच्या पूर्व भागात आणि बोस्टनमध्ये दोन फूट टाकला होता. वर्षभराने, जानेवारी 2016 मध्ये, त्याच सेंट्रल पार्कात 27.5 इंच. आदल्या वर्षीच्या अनुभवावर "काही होत नाही" म्हणणारे तेव्हा गाडी शोधत होते.

तीन दिवस आधी: भरतीचं गणित

किनाऱ्यापासून लांब राहत असाल तर हा भाग सोडा. पण जर्सी शोअर, लाँग आयलंड, बोस्टनच्या आसपास, किंवा आमच्यासारखं उपसागराच्या काठाला असाल तर हाच मुख्य भाग.

कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशेब इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण प्रत्येक बंदराचा चंद्राशी आपापला करार असतो. बोस्टनला अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आमच्या सँडी हूकला सकाळ-संध्याकाळ आठच्या आसपास. तत्त्व मात्र तेच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं. वादळ भांगाच्या दिवसांत आलं तर अर्धी काळजी कमी.

उन्हाळ्यातलं चक्रीवादळ एका भरतीत येऊन जातं. नॉरईस्टर रेंगाळतो, दोन-तीन, कधी चार भरत्या झोडपतो. प्रत्येक वेळी वारा पाणी आत ढकलतो आणि ओहोटीला ते पुरतं बाहेर पडत नाही, मग पुढची भरती त्याच्यावर चढते. फेब्रुवारी 1978 च्या मॅसॅच्युसेट्समधल्या वादळात किनाऱ्यावरची घरं गेली ती अशीच, एकामागून एक आलेल्या भरत्यांनी. शिवाय हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो. तीस-चाळीस मिलिबार म्हणजे फूटभर पाणी वाऱ्याशिवायच.

आमच्याकडे भूगोलही वाईट. लाँग आयलंड आणि न्यू जर्सी यांचे किनारे काटकोनात भेटतात. पूर्वेच्या आणि ईशान्येच्या वाऱ्याने ढकललेलं पाणी त्या कोपऱ्यात अडकतं आणि रॅरिटन उपसागरात चढतं. युनियन बीच, कीन्सबर्ग, सेयरव्हिल या गावांना हे सांगायची गरज नाही.

काय करायचं: ‘नोआ’ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या भरती-ओहोटीच्या पानावर आपल्या जवळचा मापक उघडा. सँडी हूक, न्यूयॉर्कचं ‘बॅटरी’ हे ठिकाण, अटलांटिक सिटी, बोस्टन, जे जवळ असेल ते. तिथे निळी रेघ अंदाजाची असते आणि दुसरी प्रत्यक्ष पाण्याची. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे वादळाने आणलेलं पाणी. ओहोटीच्या वेळीच ते दोन फुटांवर गेलं असेल तर पुढच्या भरतीचा विचार आत्ताच करा. खुल्या समुद्रातल्या बॉयांवर, म्हणजे तरंगत्या मापकांवर, लाटांची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद दिसतात. सेकंद वाढत गेले की लाट लांबून येतेय आणि वाळू जास्त ओढणार. बेटवजा गावांत, लाँग बीच आयलंडसारख्या ठिकाणी, पाणी समुद्राकडून न येता मागच्या खाडीकडून रस्त्यावर येतं. नवखे लोक समुद्राकडे बघत बसतात आणि मागून गाडी भिजते. खारं पाणी एकदा गाडीत शिरलं की ती गाडी संपलीच समजा, म्हणून तीन दिवस आधीच ती उंचावर नेऊन लावा. मी कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात भरतीच्या वेळा पेन्सिलीने लिहिते आणि सासूबाईंना वाटतं मी कसलं तरी व्रत धरलंय.

दोन दिवस आधी: वॉच लागला

हवामान खात्याचा ‘वॉच’ म्हणजे शक्यता चांगली आहे, तयारीला लागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंय, तयारी झालेली असू दे. ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे त्रास होईल, संकट नाही. ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’चा संबंध किती बर्फ पडला याच्याशी नाही: ताशी 35 मैलांचा वारा किंवा तसे झोत, पाव मैलापेक्षा कमी दिसणं, आणि हे सलग तीन तास. पाच इंचांतही ब्लिझर्ड होतो.

हवामान खात्याच्या स्थानिक कार्यालयाचा ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा साधा मजकूर असतो. मध्य न्यू जर्सीसाठी तो माउंट हॉलीचं कार्यालय लिहितं, न्यूयॉर्क शहरासाठी अपटनचं, बोस्टनसाठी नॉर्टनचं. ड्यूटीवरच्या माणसाला नेमकी कशाची खात्री नाही ते त्यात असतं, आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं. त्यांच्याच पानावर बर्फाचे तीन नकाशे मिळतात: अपेक्षित, कमीत कमी, जास्तीत जास्त. तयारी जास्तीच्या नकाशाची करा, गप्पा अपेक्षितच्या मारा.

आता वीज. 29 ऑक्टोबर 2011, शनिवार, भाऊबीजेचा दुसरा दिवस. ओकवर पानं तशीच होती आणि दुपारपासून जड, ओला बर्फ पडायला लागला. संध्याकाळी मागच्या झाडांतून आवाज सुरू झाले. आधी कुरकुर, मग बंदूक झाडल्यासारखा फाटकन एक, मग फांदी जमिनीवर आपटल्याचा. रात्री साडेनऊला दिवे गेले ते चार दिवसांनी आले. ईशान्य अमेरिकेत तीस लाखांवर ग्राहक अंधारात होते. आमची शेगडी विजेची, घरात डाळ-तांदळाचे डबे भरलेले, आणि शिजवायला काहीच नाही. चार दिवस आम्ही दिवाळीच्या फराळावर काढले. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, शाळेच्या डब्यात आता परत कधी चकली देऊ नकोस."

त्या चार दिवसांत कळलेलं सगळ्यात महत्त्वाचं: घर गरम करणारी, गॅसवर चालणारी फर्नेससुद्धा विजेशिवाय बंद असते, कारण पंखा आणि कंट्रोल विजेवर. तळघरात साचलेलं पाणी उपसणारा संप पंपही विजेवर. गॅसची शेगडी काडीने पेटू शकते, ओव्हन सहसा नाही. पण घर गरम करायला शेगडी कधीच पेटवून ठेवायची नाही. आपल्याकडे कोळशाची शेगडी घरात चालायची, कारण ती घरं फटींची होती. इथलं घर हवाबंद डबा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बार्बेक्यू आणि कोळसा घरात नाही, दार उघडं टाकून गॅरेजमध्येही नाही. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब, धूर खिडकीच्या उलट दिशेला. डिटेक्टरच्या बॅटऱ्या आजच बदला.

स्वयंपाकाचं आता मी असं करते. वॉच लागला की एक दिवस चुलीपाशी: मऊ खिचडीसाठी डाळ-तांदूळ भाजून ठेवणं, पोळ्या, मेथीचे ठेपले (शेजारीण गुजराती, तिच्याकडून शिकले), दडपे पोहे करता येतील इतके पातळ पोहे, मेतकूट, दाण्याची चटणी, लाडू. थर्मासमध्ये उकळतं पाणी. ब्रेड आणि दुधासाठी दुकानात झुंबड उडते तेव्हा मी तिकडे फिरकत नाही. बादल्या आणि कुकर पाण्याने भरून ठेवा, विशेषतः विहिरीचा पंप असेल तर, फ्लशला लागतं. पॉवर बँक, बॅटरीवरचा वेदर रेडिओ, टॉर्च. पणत्या आमच्याकडे त्या वर्षी भरपूर होत्या आणि आम्ही लावल्याही, पण पडदे आणि लहान मुलं असलेल्या घरात टॉर्चच बरा.

फ्रिज बंद ठेवला तर साधारण चार तास माल टिकवतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा. एका वाटीत बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा: परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, माल टाकून द्या.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांच्या औषधांचा आठवड्याचा साठा बघा आणि त्यांना एकाच खोलीत राहायचं सांगा. सगळ्यांनी एका खोलीत, दाराखाली चादर, हे आपल्याला नवीन नाही.

आदल्या संध्याकाळी

गॅरेजचं दार विजेवर चालतं हे वीज गेल्यावर आठवतं. आत छताला लाल दोरी लोंबते, ती ओढली की दार हाताने उघडतं. एकदा करून बघा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. फर्नेस आणि ड्रायरचे बाहेर निघणारे पाइप कुठे आहेत तेही, कारण वाऱ्याने साचलेला बर्फ तेच बुजवतो आणि धूर घरात येतो. गाडीत टाकी भरलेली किंवा चार्ज पूर्ण, एक घोंगडी, फावडं. मीठ पसरायचं तर लक्षात ठेवा, साधं खडेमीठ 15 अंश फॅरनहाइटखाली जवळजवळ निकामी होतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागतं.

वादळ चालू असताना

हा माझा आवडता भाग, खिडकीपाशी बसून. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलात तर कमी दाबाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वारा ईशान्येकडून उत्तरेकडे, मग वायव्येकडे वळत गेला तर केंद्र समुद्रावरून, आपल्या पूर्वेने जातंय, बर्फ बर्फच राहील. तोच पूर्वेकडून आग्नेयेकडे, दक्षिणेकडे वळला तर केंद्र आपल्या पश्चिमेने चाललंय आणि पावसाची तयारी करा. बऱ्याच फोनमध्ये दाबमापक असतो. उतरणारा दाब थांबला की शिखर जवळ आलं.

कानही वापरा. बर्फाला आवाज नसतो. काचेवर साबुदाणा फेकल्यासारखी टिकटिक सुरू झाली की वर कुठेतरी उबदार हवेचा थर आलाय आणि स्लीट, म्हणजे बर्फाचे बारीक खडे, पडतेय. टिकटिक बंद होऊन रेलिंगला काचेचा लेप चढायला लागला तर तो गोठणारा पाऊस, सगळ्यात वाईट, कारण तारा आणि फांद्या त्यानेच तुटतात.

बर्फ मोजायचाच असेल तर पांढरा रंग दिलेला प्लायवुडचा तुकडा मोकळ्या जागेत ठेवा, दर सहा तासांनी मोजा आणि पुसा. त्याहून जास्त वेळा पुसलं तर आकडा फुगतो. फेसबुकवरचे बरेच विक्रम तसे झालेले असतात. साधारण दहा इंच बर्फ म्हणजे एक इंच पाणी. ओल्या बर्फात पाच-सात इंचांतच तेवढं वजन भरतं, कोरड्यात पंधरा-वीस लागतात.

समुद्र बघायला जेट्टीवर किंवा वाळूवर जायचं नाही. मलाही मोह होतो. उंचावर, रस्त्याच्या अलीकडे थांबून दुर्बिणीतून बघा, तेही भरतीच्या दोन तास आधी परत फिरायचं ठरवून.

थांबल्यावर

गाडी सुरू करण्याआधी तिच्या मागची धुराची नळी मोकळी करा. टपावरचा बर्फ पूर्ण काढा. न्यू जर्सीत तो कायदाच आहे, आणि महामार्गावर उडालेली बर्फाची लादी मागच्याची काच फोडते. फावडं मारताना उचलण्यापेक्षा ढकला, आणि वादळ संपायची वाट न बघता दर तीन-चार इंचांनी एक फेरी मारा. चाळिशीपुढच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाच्या हृदयाला गारठ्यातलं हे काम फार जड जातं. छातीत दडपण, जबडा दुखणं, गार घाम असं काही वाटलं तर फावडं टाका आणि 911 ला फोन करा. वडिलांना "मी करतो रे" म्हणू देऊ नका.

ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. बर्फ नेहमी उजवीकडे टाका आणि डावीकडे रस्त्यालगत थोडी जागा रिकामी करा. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी नांगरगाडी डावीकडून येते. तिच्या पात्यावरचा ढीग त्या खड्ड्यात पडतो, तुमच्या तोंडाशी नाही. हे मला आठव्या हिवाळ्यात कळलं. घरासमोर अग्निशमनाचा हायड्रंट असेल तर तोही मोकळा करा. फूटपाथ किती तासांत साफ हवा हा नियम गावागणिक वेगळा. बोस्टनमध्ये उकरलेल्या पार्किंगवर लोक खुर्ची ठेवून जागा धरतात. ती हलवू नका, पाहुणे असाल तर अजिबात नाही.

वारा वायव्येला गेला की आकाश निळं आणि थंडी खरी सुरू. नळ फुटतात ते त्या रात्री. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळ धारेऐवजी थेंबथेंब चालू ठेवा. तारेला लोंबणारी फांदी ओढायची नाही, तार मेलेली दिसली तरी जिवंत समजा.

पाणी शिरलं असेल तर उपसण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा. साध्या घरविम्यात पूर येत नाही, आणि सरकारी पूरविमा घेतल्यावर लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात. वॉच लागल्यावर घेतलेला तो विमा या वादळाला उपयोगाचा नाही; गणपतीच्या सुमारास एजंटला फोन करा.